मोजणीबाई आणि वाट सोडून चाललेला पाहुणा

मोजणीबाईंनी वेधशाळेत चौतीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या काळात दुर्बिणीला डोळा लावला तो एकदाच, तोही पहिल्या आठवड्यात, सगळ्यांनी आग्रह केला म्हणून. काय दिसलं असं विचारलं तर म्हणाल्या, "हलत होतं." त्यानंतर त्या घुमटाकडे कधी फिरकल्या नाहीत. रात्री आकाश बघणारी माणसं वेगळी होती. ती पहाटे फोटो ठेवून झोपायला जात आणि नवाच्या ठोक्याला बाई येऊन ते फोटो मोजायला घेत. दिवसाढवळ्या तारे दिसणं ही इतरांच्या दृष्टीनं फजिती; बाईंची त्याच्यावर चूल पेटत होती.

सासूबाईंना हे काम शेवटपर्यंत पटलं नाही. सून दिवसभर ठिपके मोजते हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "किती आहेत?" आणि दहा वर्षांनी विचारलं, "अजून संपले नाहीत?"

काम सांगायला सोपं होतं. फोटोत जागच्या जागी राहणारे तारे असतात, त्यांचे पत्ते आधीच ठाऊक असतात. त्यांच्या मधून एखादा ठिपका रोज थोडा सरकत असतो, तो धूमकेतू. त्या ताऱ्यांपासून तो किती अंतरावर आहे हे मोजलं की त्या दिवसाचा त्याचा पत्ता मिळतो. असे वीस-पंचवीस पत्ते वरच्या मजल्यावर गेले की तिथला गणिती त्यांतून धूमकेतूची वाट काढतो. वाट काढणाऱ्याचं नाव छापून येतं. पत्ते देणाऱ्याचं येत नाही, आणि याबद्दल बाईंची तक्रार नव्हती, माझी आहे.

मोजायचं माप फार बारीक. वीस पावलांवर कुणी एक केस धरून उभं राहिलं तर तो जेवढा जाड दिसेल तेवढं. त्याला मोठं शास्त्रीय नाव आहे, पण मोजणीच्या खोलीत त्याला 'केस' म्हणत. "आज अर्ध्या केसानं चुकलं," असं बाई म्हणाल्या की नव्या माणसाला वाटायचं, बाई कोर्टकचेरीत अडकल्या आहेत.

खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. खिडकीला काळा पडदा, भिंतीला जुन्या काचेच्या फोटोंची कपाटं, कोपऱ्यात अभ्र्याखाली झाकलेलं जुनं मोजणीयंत्र आणि टेबलावर पडदा असलेला संगणक. शेजारी जाड वही. वहीत सहा रकाने: तारीख, घेर, सुलटं, उलटं, मोजणारा, तपासणारा. बाईंना काम शिकवलं ते आधीच्या मोजणीदारांनी. ते निवृत्त झाल्यापासून शेवटचा रकाना रिकामा होता. बाईंचं काम तपासायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

त्या मोजणीदारांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, प्रत्येक फोटो दोनदा मोजायचा, एकदा सुलटा आणि एकदा पूर्ण उलटा करून. माणसाचा हात कुणीकडे तरी कलतोच. फोटो फिरवला की तोच कल दुसऱ्या बाजूला पडतो आणि दोन्हींची सरासरी काढली की निघून जातो. दुसरी गोष्ट धूमकेतूपुरती. धूमकेतूला शेपूट असते. आपण पत्ता शोधतो तो डोक्यातल्या गाभ्याचा, पण उजेड शेपटीतही असतो. म्हणून डोक्याभोवती वर्तुळ आखायचं ते लहानात लहान आखायचं, चार पिक्सेलांच्या घेराचं. घेर मोठा घेतला की त्यात शेपटीचा तुकडा शिरतो, आणि आपण गाभा म्हणून शेपूट मोजून बसतो.

"आपला हात कलतो हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं मोजायला बसू नये," असं ते म्हणायचे. बाईंनी ते वाक्य कुठं लिहून लावलं नाही. त्या तसं वागत राहिल्या. नव्या मंडळींनी सांगून पाहिलं की बाई, आता संगणक आहे, कशाला दुप्पट वेळ घालवता. बाई म्हणायच्या, "संगणक उजेडाचा मध्य सांगतो. गाभा कुठं ते त्याला कुणी सांगायचं?"

अशात पाहुणा आला.

पाहुणा म्हणजे सूर्याच्या कुटुंबाबाहेरचा धूमकेतू. कुठल्या तरी परक्या ताऱ्यापाशी जन्मलेला, तिथून फेकला गेलेला, आणि इतक्या वेगात आलेला की सूर्यालाही त्याला धरून ठेवता येणार नव्हतं. आपले धूमकेतू फिरून येतात; एका फेरीत चुकलं तर पुढच्या फेरीत सुधारता येतं. याची फेरी एकच. पुन्हा यायचं कारण नाही, पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. मोजलं ते मोजलं.

बाईंनी तो एक्केचाळीस दिवस मोजला. पहिले पंधरा दिवस सगळं नाकासमोर चाललं होतं. पुढं पाहुणा गणितानं आखलेल्या वाटेवरून जरासा बाजूला दिसू लागला, अर्धा केस, मग एक, मग दोन. शेवटच्या दिवशी तीन. मग तो सूर्याच्या उजेडात शिरला आणि पाच आठवडे कुणालाच दिसणार नव्हता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गणिती कागद घेऊन खाली आला. छत्तीस वर्षांचा, बुद्धीनं तल्लख, आणि जिना एका वेळी दोन पायऱ्या उतरायची सवय असलेला.

"बाई, तुमचे ठिपके सूर्यापासून लांब चाललेत."

"माझे नाहीत, त्याचे," बाई म्हणाल्या. "वायूचा धक्का असेल."

वायूचा धक्का ही गणितीला शिकवायची गोष्ट नव्हती. धूमकेतूच्या पोटात बर्फ असतो. सूर्याकडची बाजू तापली की त्या बर्फाचा थेट वायू होतो आणि फवाऱ्यासारखा सूर्याच्या दिशेनं बाहेर पडतो. वायू इकडे सुटला की गोळा तिकडे ढकलला जातो. धक्का अगदी हलका, पण दिवसरात्र चालू. त्यानं वाट वाकते.

"ते मला माहीत आहे," गणिती म्हणाला. "पण धक्का असता तर वळण सावकाश वाढलं असतं. तुमच्या ठिपक्यांनी मध्येच उड्या मारल्यात. आणि बाई, शेपूटही सूर्याच्या उलट्याच बाजूला असते. शेपटीकडे हात गेला तरी असंच दिसणार."

हे खरं होतं आणि तेच वाईट होतं. धक्काही सूर्यापासून लांब, शेपूटही सूर्यापासून लांब. पाहुणा वाट सोडून चाललाय की बाईंचा हात शेपटीकडे चाललाय, हे कागदावरून सांगता येणार नव्हतं. शिवाय गणिती एकदा पोळला होता. चार वर्षांपूर्वी त्यानं भर सभेत एका धूमकेतूला वायूचा धक्का बसल्याचं जाहीर केलं होतं आणि दोन महिन्यांनी ती शेपटीची चूक निघाली होती. तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत होता. ती मोजणी दुसऱ्या वेधशाळेची होती, पण हसले याला.

"शेवटचे अठरा दिवस मी हिशेबातून काढतोय," तो म्हणाला. "राग मानू नका."

राग मानायची बाब होतीच, पण प्रश्न तेवढाच नव्हता. पाहुणा सूर्यामागून बाहेर पडला की डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीनं त्याचा वायू तपासायचा होता. वेधशाळेला तिथं फक्त वीस मिनिटं मिळाली होती. त्या यंत्राची खिडकी जेमतेम वीस केस रुंद, आणि उजाडायच्या आत शोधाशोध करायला वेळ नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पत्ता पाठवायचा होता. धक्का धरला तर एक पत्ता, न धरला तर दुसरा, दोघांत चाळीस केसांचं अंतर. चुकीचा पाठवला तर खिडकीत रिकामं आभाळ येणार होतं. आणि पाहुणा कुठल्या बाजूनं आला हे मागं मोजत जाऊन काढायचं असतं. धक्का विसरला तर त्याचं घरच चुकणार होतं. संचालकांना विचारलं तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे दोघांचंही बरोबर असल्याचं सांगितलं.

घरी बाईंचे यजमान वाट बघत बसले होते. अग्निशमन दलात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले; गल्लीत त्यांना अजून 'बंबवाले' म्हणत. उजवा खांदा कायमचा दुखरा. बाईंनी जेवताना सगळं सांगितलं.

"यात न समजण्यासारखं काय आहे?" बंबवाले म्हणाले. "पाण्याचा जोर सुटला की नळी धरणारा मागं जातो. माझ्या खांद्याला विचार. आम्ही दोघं दोघं धरायचो तरी पाय घसरायचे."

"पाहुण्याला धरायला कुणी नाही."

"मग जाणारच मागं. कोण थांबवणार त्याला?"

बाई हसल्या, पण पुढचा घास ताटातच राहिला. बंबवाल्यांनी ते पाहिलं. "डोळ्याचं सांगितलंस का?"

बाईंनी सांगितलं नव्हतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी तीन महिन्यांत ऑपरेशन करा म्हणून बजावलं होतं, आणि निवृत्तीला पाच महिने उरले होते. हे घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं.

"आता सांगितलं तर अठरा दिवस नाही, एक्केचाळीस दिवस पुसतील," बाई म्हणाल्या. "मग चौतीस वर्षांतलं कुठलं खरं आणि कुठलं खोटं, हेही विचारतील."

"विचारू दे. तुला काय वाटतं, ते खरं आहे का?"

बाई ताटं उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही उघडली. गणिती चुकतोय हे सिद्ध करायला नव्हे. आपण कुठं चुकलो ते शोधायला. माणसं इथंच वेगळी होतात. शंभरातले नव्व्याण्णव जण वही उघडतात ती आपलं बरोबर कुठं आहे ते शोधायला.

अर्ध्या तासात सापडलं. घेराच्या रकान्यात चार, चार, चार असे आकडे खाली उतरत होते आणि मध्येच तीन दिवस नऊ होते. अक्षर त्यांचंच. त्यांना ते दिवस आठवले. आभाळात पातळ ढग होते, फोटो फिकट आले होते, आणि चारच्या घेरात त्यांना पाहुण्याचं डोकंच नीट दिसेना. ढगांमुळे दिसत नाही असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि वर्तुळ मोठं केलं. ढग आकाशात होते तसे डोळ्यातही होते. नऊच्या घेरात शेपूट शिरली होती. त्यांनी नऊ लिहिलं, लपवलं नाही, पण त्याच्यापुढं खूणही केली नाही. आणि गणिती ज्या उड्या म्हणत होता त्या नेमक्या याच तीन दिवसांच्या होत्या.

ते तीन फोटो पुन्हा मोजून वहीत नवे आकडे घालणं पाच मिनिटांचं काम होतं. बाईंनी ते केलं नाही. कुठलं उत्तर हवंय हे कळल्यावर केलेल्या मोजणीला त्या मोजणी मानत नसत. त्यांनी पट्टी घेऊन तिन्ही ओळींवर रेघ मारली, बाजूला 'घेर मोठा, चूक माझी' असं लिहून सही केली, आणि वही घेऊन जिना चढल्या. गुडघे दुखत होते म्हणून त्या वर फारशा जात नसत. त्यांना दारात बघून गणिती उठून उभा राहिला.

"हे तीन दिवस काढ," त्या म्हणाल्या. "शेपूट मोजलीय मी."

गणितीनं वही पाहिली. "मग बाकीचे?"

"बाकीचे चारच्या घेरात आहेत. पण तुला आणखी एक सांगायचंय. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दीड महिना झाला कळून. त्या तीन दिवशी मला दिसलं नव्हतं. बाकीच्या दिवशी दिसलं असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर तू जाऊ नकोस."

एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या. चौतीस वर्षांत त्या खोलीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

गणितीला आता सगळंच पुसून टाकायला मोकळं रान होतं, आणि कुणी त्याला दोषही दिला नसता. पण त्यानं फक्त ते तीन ठिपके काढून टाकले आणि उरलेले पडद्यावर मांडले. उड्या गेल्या. एक वळण उरलं, आधी दिसेल न दिसेल असं, मग सावकाश वाढत जाणारं, जसं धक्क्यानं वाढायला हवं अगदी तसं.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या तीन चुकांनीच तुमचं खरं झाकलं होतं."

"अजून खरं झालेलं नाही. डोळा माझाच आहे."

"मग मी मोजतो. मला शिकवा."

तो बुधवार होता. बाईंनी शेवटच्या अठरा दिवसांतले ते तीन वगळून उरलेले पंधरा फोटो घेतले, तारखा पुसल्या, प्रत्येकाला वाटेल तसं फिरवलं आणि पत्त्यांसारखे पिसून गणितीसमोर ठेवले. त्याच्या मनात कल असलाच तर तो बाईंच्या विरुद्ध होता, त्यामुळे हे चालणार होतं. पहिला फोटो मोजायला त्याला पंचेचाळीस मिनिटं लागली. डोकं कुठं संपतं आणि शेपूट कुठं सुरू होते हे त्याला ठरवता येईना. तो पुन्हा पुन्हा घेर वाढवी आणि बाई मागून म्हणत, "लहान. अजून लहान."

तिसऱ्या फोटोनंतर त्याच्या लक्षात आलं की त्याचा हात प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण केस डावीकडे जातोय. उलटं केलं की तो कल दुसऱ्या बाजूला पडतोय.

"मी डावीकडे कलतो," तो चकित होऊन म्हणाला.

"मी उजवीकडे," बाई म्हणाल्या. "त्यात लाजायचं काय?"

गुरुवारी संध्याकाळी पाचला पंधरावा फोटो संपला. तारखा लावून दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. चौदा फोटोंत फरक पाव केसाच्या आत. एकात अर्धा, आणि तो फोटो पुन्हा बघितल्यावर एक अंधुक तारा पाहुण्याला चिकटलेला निघाला. तो त्यांनी सोडून दिला. बाईंचा डोळा अधू झाला होता, पण त्यांची रीत अधू झाली नव्हती.

गणितीनं वही ओढली आणि वीस वर्षं रिकाम्या असलेल्या शेवटच्या रकान्यात, त्या चौदा ओळींपुढं, आपली सही केली. बाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता.

शुक्रवारी साडेअकराला धक्का धरलेला पत्ता गेला. पाठवणाऱ्यात नाव गणितीचं होतं. हसले असते तर पुन्हा त्यालाच हसले असते, हे ठाऊक असून त्यानं तो पाठवला. हेही सांगायला हवं, नाहीतर सगळं कौतुक बाईंचंच करतोय असं वाटेल.

पाच आठवड्यांनी पाहुणा सूर्यामागून बाहेर पडला, आणि ऑपरेशनची तारीख नेमकी डोंगरावरच्या फोटोच्या आदल्या दिवशीची मिळाली. डोंगरावरून फोटो यायचा त्या सकाळी बाई घरी, उजव्या डोळ्यावर पट्टी, पडद्याकडे बघायला सक्त मनाई. त्या खाटेवर बसून होत्या आणि बंबवाले फोन धरून समोरच्या खुर्चीवर, आग लागल्याची वर्दी यायची आहे अशा थाटात. दहाला फोन वाजला. त्यांनी तो बाईंच्या कानाला लावला.

"बाई, आहे," गणिती म्हणाला. "खिडकीत आहे. आपण म्हणालो तिथंच."

बंबवाल्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"तिथंच म्हणजे कुठं?" बाईंनी विचारलं.

"मध्यापासून एक केस डावीकडे."

"डावीकडे तू कलतोस. उलटं करून पाहिलंस?"

पलीकडून "थांबा" असं ऐकू आलं. बंबवाल्यांचा खांदा भरून आला, त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"अर्धा केस," गणिती परत येऊन म्हणाला.

"घेर?"

"चार."

"मग लिही. मोजणारा म्हणून तुझं नाव."

"आणि तपासणारा? तिथं तुमचं लिहितो, बाई. सगळं तुमचंच आहे हे."

"लिहू नकोस. मी पाहिलेलं नाही."

त्यानं बराच आग्रह केला. बाई बधल्या नाहीत. रकाना रिकामा ठेवायला सांगून त्यांनी फोन ठेवायला लावला आणि मग नवऱ्याचा दुखरा खांदा धरून, पट्टी नसलेल्या डोळ्यानं, त्या थोडा वेळ रडल्या. डॉक्टरांनी तेही करू नका म्हणून सांगितलं होतं.

डॉक्टरांची परवानगी मिळायला दोन आठवडे गेले. त्यानंतरच्या सोमवारी नवाच्या ठोक्याला बाई जिन्याखालच्या खोलीत आल्या, काळा पडदा ओढला, तो फोटो काढला आणि चारच्या घेरात एकदा सुलटा, एकदा उलटा मोजला. अर्धा केस आला. मग त्यांनी सही केली.